छोटे संगणक आणि त्यांची हत्यारे



वसंतातल्या या ज्ञानसत्रात साहित्य, इतिहास, संतवाङ्मय हे विषय आपण दरसाल आवडीने ऐकता. आज मी जो विषय घेतला आहे तो तळहातावर मावणाऱ्या संगणकांचा आहे. आणि त्यातही खुद्द संगणकांचा नव्हे, तर त्यांना काम शिकवणाऱ्या हत्यारांचा. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. शाळेशी माझा संबंध लवकर तुटला. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि रात्रीच्या वाचनात शिकलो. त्या शाळेत एक धडा पक्का झाला. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे एवढेच पाहून भागत नाही. ते उघडण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि त्याला नवे काम सांगण्याचे हत्यार कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. या छोट्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न फार स्पष्टपणे दिसतो, म्हणून हा विषय.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. एकाच बोर्डावर मेंदू, स्मरण आणि बाहेरच्या तारा जोडण्याची सोय असलेला जो संगणक, त्याला एकबोर्डी संगणक म्हणू. त्याच्या दोन जाती बाजारात दिसतात. पहिली जात रास्पबेरी पायसारख्या बोर्डांची. इंग्लंडातील केंब्रिज येथून २०१२ साली निघालेला हा बोर्ड म्हणजे लहान पण पुरता संगणक. त्याला पडदा आणि कळफलक जोडून टंकलेखनही करता येते. दुसरी जात आर्डुइनो उनोसारख्या बोर्डांची. काटेकोरपणे पाहता हिला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड म्हणतात. पडदा नाही, कळफलक नाही. एक चिप आणि तारा खोवण्यासाठी भोके. आपल्या घरातले कपडे धुण्याचे यंत्र, विजेचे नवे मीटर, दुकानातला वजनकाटा यांच्या पोटात याच जातीच्या चिपा बसलेल्या असतात. माझे आजचे सांगणे मुख्यतः या दुसऱ्या जातीसंबंधी आहे.

यंत्राला काम सांगणे ही कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे ज्यांनी मागावर काम केले आहे त्यांना डॉबी ठाऊक आहे. नक्षीप्रमाणे पट्टीच्या भोकांत खुंट्या मारायच्या, अशा पट्ट्यांची साखळी मागावर चढवायची, की ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलायचे हे माग त्या खुंट्यांवरून ठरवतो. खुंट्यांची ती साखळी म्हणजेच मागाचा प्रोग्राम. तिचा एक गुण असा, की ती डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. नक्षीत चूक निघाली तर चुकलेली खुंटी काढून दुसऱ्या भोकात मारता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

संगणकाच्या प्रारंभीच्या काळातही अवस्था जवळजवळ अशीच होती. अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७६ साली किम-१ नावाचा एकबोर्डी संगणक २४५ डॉलरला विकायला काढला. त्यावर २३ कळा होत्या आणि सहा आकडे दाखवणारी छोटी पट्टी होती. काम करण्याचे स्मरण अवघे १ किलोबाइट, म्हणजे १०२४ अक्षरे मावतील एवढे. प्रत्येक आज्ञा आकड्यांत लिहून, एकामागून एक कळा दाबून आत घालावी लागे. हे आकडे स्वीकारण्याचे काम एक छोटा कायमचा प्रोग्राम करी. त्याला मॉनिटर म्हणत. हाच या हत्यारांचा पूर्वज. वीज गेली की घातलेले सारे पुसले जाई. म्हणून लोक ते गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवीत. कष्टाचे काम होते. परंतु यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते.

आजच्या उनोत काय बदलले? त्याच्या चिपेत ३२ किलोबाइटचे टिकाऊ स्मरण आहे. वीज गेली तरी त्यातला मजकूर राहतो. चालत्या कामासाठी २ किलोबाइट निराळे आहेत. चिपेचा ठोका सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा पडतो. पण या चिपेवर बसून प्रोग्राम लिहिता येत नाही. तो दुसऱ्या मोठ्या संगणकावर लिहायचा, तेथेच शिजवायचा आणि मग या चिपेत पोचवायचा. अंधेरीच्या घरी भाजी-पोळी करावी आणि फोर्टातल्या कचेरीत ती जेवावी, असा हा प्रकार आहे. म्हणून येथे स्वयंपाकी लागतो, डबा लागतो, डबेवाला लागतो आणि कचेरीत डबा घेणारा माणूस लागतो. या चौघांची कामे क्रमाने पाहू.

समजा, आपल्याला बोर्डावरचा दिवा एक सेकंद लावायचा आहे आणि एक सेकंद विझवायचा आहे. नवशिक्याचा पहिला धडा हाच असतो. आर्डुइनोच्या संपादकात आपण चार-सहा ओळी लिहितो: तेरा क्रमांकाच्या तारेवर वीज सोड, हजार मिलिसेकंद थांब, वीज बंद कर, पुन्हा तेवढेच थांब. ही भाषा सी आणि सी प्लस प्लस या भाषांच्या घराण्यातली आहे. माणसाला ती वाचता येते, चिपेला येत नाही.

मग पुढे येतो कंपायलर, आपला स्वयंपाकी. तो आपल्या ओळी घेतो आणि चिपेला कळणाऱ्या आकडी आज्ञांत रूपांतर करतो. त्याच्या जोडीला लिंकर असतो. तारेवर वीज कशी सोडावी याचा तपशील आपण लिहिलेलाच नसतो. तो कोणीतरी आधी लिहून ग्रंथालयात ठेवलेला असतो. लिंकर तेथून हवे तेवढे तुकडे आणून आपल्या तुकड्यांना जोडतो. आपण लिहिलेल्या चार-सहा ओळींचे शेवटी हजारएक बाइट होतात. त्यांतील बहुतेक श्रम आपले नसतात, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तयार झालेले अन्न डब्यात भरले जाते. त्या डब्याला हेक्स फाइल म्हणतात. ही रीत इंटेल कंपनीने १९७० च्या दशकात, कागदी फितीला भोके पाडून मजकूर नेण्याच्या काळात, पाडली. ती आजही चालू आहे. फाइलीतल्या प्रत्येक ओळीच्या आरंभी विसर्गासारखी दोन टिंबे. मग या ओळीत किती बाइट आहेत त्याचा आकडा, बहुधा १६. मग ते चिपेच्या कोणत्या घरापासून ठेवायचे तो पत्ता. मग ओळीचा प्रकार, मग प्रत्यक्ष माल, आणि शेवटी पडताळ्याचा एक आकडा. डबेवाल्यांच्या झाकणावरच्या खुणेप्रमाणेच ही व्यवस्था आहे: कोठे जायचे ते प्रत्येक डब्यावरच लिहिलेले.

पडताळ्याचा आकडा कसा चालतो हे सांगतो, कारण त्यात गणित थोडे आणि शहाणपण फार आहे. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ च्या पुढे एक मिळवला की, मोटारीचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यावा तसा, तो पुन्हा शून्यावर येतो. ओळीतल्या सर्व बाइटांची पडताळ्यासह बेरीज केली तर ती शून्यावर यावी, असा पडताळा आधीच बेतून घातलेला असतो. फाइलीची अखेरची ओळ पाहा. तीत माल नसतो; शून्य, शून्य, शून्य, मग ‘संपले’ या अर्थाचा १, आणि पडताळा २५५. एक अधिक २५५ म्हणजे २५६, म्हणजेच शून्य. वाटेत एखादा आकडा बिघडला तर बेरीज शून्यावर येत नाही आणि खोट ध्यानात येते. माल उतरवताना नग मोजून घेणाऱ्या हमालाचीच ही पद्धत झाली.

आता डबेवाला. उनोसाठी हे काम एव्हीआरड्यूड नावाचे हत्यार करते. त्याची कामाची पद्धत एखाद्या जुन्या, शिस्तीच्या कारागिरासारखी आहे. यूएसबीच्या तारेने तो बोर्डाशी बोलणे सुरू करतो. पहिल्याने चिपेची ओळखखूण विचारतो. प्रत्येक जातीच्या चिपेत तीन बाइटांची ठरावीक खूण कोरलेली असते. ती अपेक्षेप्रमाणे नसेल तर तो काम थांबवतो. खूण पटली की माल घरोघर उतरवतो. आणि उतरवून झाल्यावर तेथेच थांबत नाही. लिहिलेले सगळे परत वाचून मूळ फाइलीशी ताडून पाहतो. अक्षर न् अक्षर जुळले तरच काम पुरे झाल्याचे सांगतो. ‘केले असेल’ आणि ‘केले आहे’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला या हत्याराचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

पण चिपेच्या आत माल घेणारा कोण? तेथे बूटलोडर नावाचा रखवालदार बसवलेला असतो. उनोत तो ३२ किलोबाइटांपैकी केवळ अर्धा किलोबाइट जागा व्यापतो. उरलेले ३२,२५६ बाइट आपल्याला मोकळे. बोर्ड नव्याने सुरू झाला की हा रखवालदार प्रथम जागा होतो आणि दारात कोणी डबा घेऊन आले आहे काय ते क्षणभर पाहतो. आले असेल तर माल आत घेतो. नसेल तर जुनेच काम पुढे चालू करून देतो.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील, की रखवालदाराला आत कोणी नेऊन बसवले? प्रश्न रास्त आहे. कोऱ्या चिपेत बूटलोडर नसतो. त्यासाठी सहा तारांची निराळी जोडणी असते आणि प्रोग्रामर नावाचे एक उपकरण लागते. पण मौज अशी, की ते उपकरण विकत घेतलेच पाहिजे असे नाही. एक चालू उनो घ्यावा, त्यात ठरावीक प्रोग्राम घालावा आणि त्याच्या तारा दुसऱ्या कोऱ्या चिपेला जोडाव्या. पहिला उनोच दुसऱ्याचा प्रोग्रामर बनतो. लेथवर लेथचे सुटे भाग घडवावे, तसे हे झाले. ज्या गावात एक चालू बोर्ड आणि तो समजणारा एक माणूस आहे, त्या गावात दुसरा बोर्ड जागा करता येतो.

दुसऱ्या बोर्डांची हत्यारे दिसायला निराळी असली तरी तत्त्व हेच आहे. रास्पबेरी पायमध्ये सारा कारभार एका छोट्या मेमरी कार्डावर असतो. ते कार्ड भरण्यासाठी २०२० साली इमेजर नावाचे हत्यार निघाले. तेही कार्ड लिहून झाल्यावर परत वाचून ताडते. त्याच मंडळींनी २०२१ साली पिको नावाचा ४ डॉलरचा बोर्ड काढला. त्यातला रखवालदार चिपेतच कायमचा कोरलेला आहे, त्यामुळे चुकून पुसला जाण्याचे भय नाही. एक बटण दाबून धरून बोर्ड संगणकाला जोडला, की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. फाइल उचलून त्यात टाकली की काम झाले.

आता ही हत्यारे घडवली कोणी, ते पाहू. आर्डुइनोचा जन्म इटलीतील इव्रेआ या गावी झाला. कामगारांच्या इतिहासात या गावाला स्थान आहे. १९०८ साली तेथे ऑलिव्हेट्टीचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना निघाला, आणि त्या कारखान्याभोवती वसलेल्या उद्योगनगरीला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशात स्थान दिले. याच गावी २००१ साली एक डिझाइन शिक्षणसंस्था निघाली. तेथल्या विद्यार्थ्यांना वस्तूंत चिप बसवून पाहायची असे; पण त्या वेळचे बोर्ड ५० डॉलरच्या घरात जात आणि त्यांची हत्यारे नवशिक्यांना अवघड वाटत. हेर्नांदो बर्रागान या कोलंबियातून आलेल्या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी वायरिंग नावाचा बोर्ड आणि त्याची हत्यारे तयार केली. संपादकाचा साचा त्याने प्रोसेसिंग या हत्यारावरून घेतला. ते अमेरिकेत केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली सुरू केले होते. पुढे २००५ साली मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्टिएलेस, डेव्हिड मेलिस, टॉम आयगो आणि जानलुका मार्तिनो या मंडळींनी वायरिंगच्या पायावर स्वस्त बोर्ड उभा केला. तोच आर्डुइनो. अकराव्या शतकाच्या आरंभी इटलीचा राजा झालेल्या इव्रेआच्या आर्दुइनोचे नाव गावातल्या एका मद्यगृहाला होते, तेच याला मिळाले.

बोर्डाची कीर्ती जगभर झाली. बर्रागानचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक राहिले. आर्डुइनोच्या श्रेयनामावलीत वायरिंगचा उल्लेख आहे, हे खरे. पण २०१६ साली बर्रागानने आपली हकीकत लिहून प्रसिद्ध केली आणि श्रेयाचा प्रश्न जगापुढे मांडला. डबेवाल्याचीही तीच कथा. एव्हीआरड्यूड हे ब्रायन डीन या गृहस्थाने मुळात स्वतःच्या गरजेसाठी लिहिले, मग सर्वांना खुले केले. पुढे योर्ग वुन्श आणि इतर अनेकांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. कंपायलरचा मूळ पाया रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली घातला. या चिपेपुरते त्याचे काम डेनिस चेर्टिकोव्ह यांनी केले. दिवा लागतो तेव्हा या माणसांचे नाव कोठेच उमटत नाही. धरणाच्या कोनशिलेवर पाथरवटाचे नाव नसते, हे आम्हा कामगारांना माहीत आहे. म्हणूनच मी ही नावे येथे मुद्दाम घेतली.

या माणसांनी एक फार दूरदृष्टीचे काम केले. आपली हत्यारे त्यांनी अशा परवान्याखाली दिली, की कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि वाटावी. परवान्याची एक अट अशी, की पुढे वाटणाऱ्यानेही घेणाऱ्याला हेच हक्क दिले पाहिजेत. या अटीचा उपयोग संकटात दिसून आला. २०१५ साली आर्डुइनोच्या नावावरूनच संस्थापकांत फूट पडून दोन कंपन्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. २०१६ साली समेट झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालकॉम या मोठ्या अमेरिकन कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. मालकीचे असे हेलकावे चालू असता लोकांच्या हाती असलेला कंपायलर आणि डबेवाला मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही, कारण ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हतेच. नाव विकता येते, कंपनी विकता येते. सर्वांना देऊन टाकलेले हत्यार परत घेता येत नाही.

मात्र हत्यारे खुली असली म्हणजे यंत्र खुले होते, असे समजू नये. उनोच्या चिपेतच कुलपाची सोय आहे. ते कुलूप घातले की आतला प्रोग्राम बाहेरून वाचता येत नाही. सारे पुसून टाकल्याशिवाय कुलूप निघत नाही. आणखी पुढची पायरीही आहे. अमेरिकेत टिव्हो नावाचे दूरदर्शनचे कार्यक्रम टिपणारे यंत्र निघाले. त्यातले सॉफ्टवेअर खुल्या परवान्याचे होते, कोणालाही वाचता आणि बदलता येई. पण बदललेले सॉफ्टवेअर त्या यंत्रात घातले तर यंत्र चालत नसे, कारण आतला रखवालदार कंपनीची सही असलेलाच डबा आत घेई. स्वयंपाकाचे स्वातंत्र्य होते, जेवायला बसण्याचे नव्हते! २००७ साली त्या परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा यावर कलम घालण्यात आले, की ग्राहकाला विकलेल्या वस्तूत बदललेला प्रोग्राम घालण्यासाठी लागणारी माहितीही ग्राहकाला दिली पाहिजे. म्हणजे शेवटी सगळा वाद येऊन ठेपला तो डबेवाला आणि रखवालदार यांच्यापाशीच.

आमच्या कारखान्यांत हाच वाद रोजच्या भाकरीचा आहे. एका कारखान्यात पाकिटे बांधणारे परदेशी यंत्र बंद पडले. बिघाड एका साध्या वेळेच्या आकड्यात होता. आमच्या फिटरने तो ओळखलाही होता. पण यंत्राच्या कंट्रोलरचा पासवर्ड आणि तो आकडा बदलण्याचे हत्यार विकणाऱ्याकडे. त्याचा माणूस येईपर्यंत पाळीच्या पाळ्या बसून राहिल्या. बदली कामगारांचा रोज बुडाला आणि पंचवीस वर्षे हात घातलेला फिटर नुसता बघत उभा राहिला. त्याचे कौशल्य कमी नव्हते. त्याच्या हातातून हत्यार काढून घेतले गेले होते.

यावर दुसरी बाजूही आहे आणि ती न्यायाने मांडली पाहिजे. लिफ्ट, बॉयलर, रुग्णाच्या छातीत बसवलेले यंत्र, यांतला प्रोग्राम वाटेल त्याने वाटेल तेव्हा बदलावा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तेथे कुलूप हवेच. माझे म्हणणे कुलपाविरुद्ध नाही. कुलपाची किल्ली यंत्राच्या धन्याकडे आणि यंत्र चालवणाऱ्या जबाबदार माणसाकडे असावी, ती सातासमुद्रापलीकडे विकणाऱ्याच्या खिशात असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. घराला कुलूप लावावे. पण किल्ली गवंड्याकडे ठेवून राहायला जाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा करायचे काय? कारखान्यात, सहकारी संस्थेत, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नवे यंत्र येईल तेव्हा सह्या होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. यातला प्रोग्राम कोणत्या हत्याराने बदलतात? ते हत्यार आणि त्याची किल्ली आपल्याला मिळणार काय? आणि ते वापरायला आपल्यापैकी कोणाला शिकवणार? या तिन्हींची उत्तरे करारात लेखी असावी. आम्ही संघटनेच्या मागण्यांत पगार आणि महागाईभत्ता लिहितो, त्याच कागदावर हेही लिहायला हवे.

आणि शिकण्याची वाट पाहू नये. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मधील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकाचे मोफत पाठ तयार केले आहेत. त्यांत आर्डुइनोचे पाठ आहेत, आणि प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही मिळतात. एक जुना संगणक, एक बोर्ड आणि एक तार, एवढे सामान आपल्या गावच्या वाचनालयातल्या एका टेबलावर मावेल. हत्यारे तर फुकट आहेत. आपल्या मुलामुलींनी तेथे बसून पहिल्यांदा तो दिवा लावावा, मग एकाने दुसऱ्याची कोरी चिप जागी करावी. उद्या तीच मुले कोणत्याही यंत्रापुढे उभी राहतील तेव्हा ती बघत उभी राहणार नाहीत; प्रथम विचारतील, की याचे हत्यार कोठे आहे?